दाजींबरोबर ओढ्यापर्यंत

पाणी दिसलं की आमच्या दाजींचं भान सुटतं. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आयुष्यभर मुरगुडात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसले, पण मनानं ते कायम कुठल्या तरी काठावर गळ टाकून बसलेले. लग्नाच्या हॉलबाहेरचं कारंजं असो नाहीतर तुंबलेलं गटार, दाजी वाकून बघणार आणि आवाज खाली आणून म्हणणार, "हितं असणार." पाण्याजवळ ते कुजबुजतच बोलतात. आंघोळ झाल्यावर टॉवेलसुद्धा कुजबुजत मागतात आणि ताईला ऐकू जाईपर्यंत कुडकुडत बसतात. एरवी मात्र त्यांनी दुकानात साखरेचा भाव सांगितला की पलीकडच्या गल्लीला कळतो.

लहानपणी गावाबाहेरच्या ओढ्यात त्यांनी धरलेली मरळ हा आमच्या घरातला जुना विषय. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती हातभर होती. भाचीच्या बारशाला कमरेएवढी झाली, आणि तिच्या लग्नात तर दोघांनी खांद्यावरून वाहून आणली. दाजींनी धरलेला मासा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र मला कधी भेटला नाही. ताई म्हणते, "आमच्यात मासा येतो की, पण बाजारातनं."

यंदा दुकान बंद करून दोघांनी पुण्याला मुलाकडं राहायला जायचं ठरलं. मी सामान बांधायला गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दाजी बांबूची काठी घेऊन दारात उभे.

"मेव्हणं, वढ्याकडं जाऊन येऊ. चालत."

"दाजी, तुमचे गुडघे दुखतात. गाडी काढतो मी."

"नगं. गाडीच्या आवाजानं मासं पळत्यात."

चालत निघालो. ओढा शिवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. वाटेत एकानं मोटारसायकल थांबवली. "पावणं, बसा की, सोडतो." दाजींनी ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं. पुढं त्यांची लहानपणची पायवाट उसात शिरून नाहीशी झाली. "सरळ चला, मला डोळं मिटून ठावं हाय," म्हणत ते आत घुसले. पाल्यानं तोंड-हात ओरबाडून घेत आम्ही बाहेर पडलो ते एका गोठ्यात, थेट म्हशींच्या मधोमध. शेण भरणारी बाई पाटी हातात धरून तशीच थबकली.

"कुणाकडं आलाय?"

"वढ्याकडं," दाजी म्हणाले.

"का? त्येला काय झालं?"

नुसतं भेटायला आलोय म्हटल्यावर तिनं आधी चहा पाजला, मग वाट दाखवली.

ओढा होता, पण दाजींचा डोह गाळानं भरून गेला होता आणि त्याच्यावर कुणाचा तरी ऊस डुलत होता. उरलं होतं ते पोटरीभर पाणी. मला वाटलं, आता माघारी फिरतील. पण ते काठावर बसले आणि गळाला कणकेची गोळी लावली. मी शेजारी बसून डास मारत होतो. प्रत्येक टाळीला दाजी डोळे वटारत होते. दुपार कलली आणि दोरी हलली. दाजींनी काठी उचलली, तर गळाला बोटभर मासा, उन्हात चकाकणारा.

मी ओरडलोच. मोबाईल काढत म्हटलं, "दाजी, थांबा, ताईला दाखवू!"

त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ओल्या हातानं त्यांनी मासा अलगद सोडवला, क्षणभर ओंजळीत धरला आणि पाण्यात सोडून दिला.

"ऱ्हाऊ दे. हितलाच हाय त्यो."

परतताना गोठ्यातल्या बाईनं विचारलं, "गावलं का काय?"

मी दाजींच्या हातांकडं बघत होतो. आता ते माशाचं माप दाखवायला पसरणार, याची मला खात्री होती.

"न्हाय," दाजी म्हणाले. "पाणी बघून आलो."

पुढं बांध अरुंद होता. त्यांनी माझा हात धरला. गुडघे बोलत असतील, असं मला वाटलं. पण डांबरी रस्ता लागला, मुरगुडातले दिवे दिसायला लागले, तरी त्यांनी तो सोडला नाही.