मान्यवरांच्या यादीतले बाबा

माझे बाबा जर्मनीतल्या एका लहान शहरात संस्कृत शिकवायचे आणि तिथेच गेले. दादा जाऊन सगळं उरकून आला, येताना तांब्याचा कलश घेऊन आला आणि आम्ही नाशिकला रामकुंडात अस्थी सोडल्या. गेली वीसेक वर्षं मी हे असंच धरून चालले होते. नाशिकला गेले की आधी रामकुंड, मग घर. पायरीवर बसून बाबांशी मनातल्या मनात बोलायचे. दुबईची नोकरी घेऊ का, हेसुद्धा तिथेच बसून विचारलं होतं.

माझं ऑफिस दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये आहे. शेजारच्या टेबलावर एक जर्मन गृहस्थ बसतात. निवृत्तीला आलेले, शिस्तीचे, जरा कंटाळवाणे. ते नेमके बाबांच्याच शहरातले निघाले, म्हणून आमचं बोलणं सुरू झालं. तिथल्या जुन्या दफनभूमीत कोण कोण नामवंत पुरले आहेत याची एक पुस्तिका ते हौसेने तयार करत होते. लंचनंतर रोज मला एखादा मृत जर्मन ऐकावा लागे. चर्चचे ऑर्गन बनवणारा कारागीर, शेवाळावर आयुष्य घालवलेली बाई, दोन महापौर, घंटा ओतणारं एक घराणं. मी मान डोलवायचे आणि ईमेल बघायचे.

एके दिवशी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "हे तुमचंच सरनेम ना?"

लग्नानंतरही मी माहेरचं आडनाव सोडलेलं नाही, त्यामुळे प्रश्नच नव्हता. फोटोत एक काळा दगड होता आणि त्यावर बाबांचं नाव, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. खाली जर्मन मजकूर. तो त्यांनी मला वाचून दाखवला. भारतीय पंडित, या शहराचे स्नेही. अस्थिकलश पत्नीच्या इच्छेनुसार इथे ठेवला आहे.

"आमच्याकडे ग्रेव्हची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते," ते खुशीत सांगत होते. "मुदत संपली की दगड काढून जागा दुसऱ्याला. पण फेमस लोकांची जागा शहरच सांभाळतं. युअर फादर इज परमनंट, मॅडम."

इथे आम्ही सगळे व्हिसावर जगणारे. परमनंट म्हटलं की कुणालाही आनंदच व्हावा. मी थँक यू म्हटलं, फोटो मोबाइलवर मागवून घेतला, डोकं दुखतंय असं मॅनेजरला सांगितलं आणि मेट्रो पकडली.

आई त्या महिन्यात माझ्याकडेच होती, अल बर्शाला. डायनिंग टेबलावर पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. माझा मुलगा शाळेतून आलेला. मी त्याला आत जायला सांगितलं, तर म्हणाला, "मॉम, व्हाय आर यू शाउटिंग?" मी ओरडत होते हे मला त्याच्यामुळे कळलं.

मी मोबाइलवरचा फोटो आईसमोर धरला. तिने चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "दगड चांगला ठेवलाय."

मी खुर्चीत बसले.

"त्यांनी लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मला इथेच ठेवा म्हणून. त्यांना तिथे बरं वाटायचं. मी सही केली. पण तुझ्या आजीला काय सांगणार होते? नाशिक नाही म्हटल्यावर तिने अन्न सोडलं असतं. मग दादाने तिथूनच कलश आणला, रिकामा."

"आणि आम्ही सोडलं ते काय होतं?"

"शेजारच्यांच्या बंबातली राख."

"आजी जाऊन बारा वर्षं झाली, आई. मला का नाही सांगितलं?"

"तू तिथे जाऊन बसायचीस. कुठल्या तोंडाने सांगणार?"

मला तिचा इतका राग आला होता की मेथीची जुडी उचलून फेकावीशी वाटली. दादाचा त्याहून जास्त. कारण त्या दिवशी रामकुंडावर गुरुजी म्हणाले होते, मुलींनी कलशाला हात लावायचा नाही. काकाही तेच म्हणाले. मी हटून बसले, सगळ्यांसमोर भांडले, आणि दादाने कुणाचंही न ऐकता कलश माझ्या हातात दिला. अस्थी मी सोडल्या. त्या एका गोष्टीसाठी मी दादाचे बाकीचे सगळे अपराध पोटात घातले. किती जणींना मी हे अभिमानाने सांगितलंय याची गणती नाही.

"निदान मला तरी हात लावू द्यायचा नव्हता ना त्या कलशाला," मी म्हटलं. "मी भांडत होते तेव्हा तुम्हा दोघांना काहीच वाटलं नाही?"

आईने मेथीची काडी मोडली. ती काही मला दुखवायला बोलली नाही, विचारलं म्हणून सांगितलं.

"मी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, हिला देतोस का म्हणून. तर म्हणाला, राखच तर आहे, सोडू दे. खऱ्या अस्थी असत्या तर दिल्या नसत्या त्याने."