वहिनीनं ऐकलेलं अंडं

माझ्या दादाला ऐकू येत नाही. जन्मापासूनचं नाही हे. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर उभं राहून राहून त्याचे कान गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची कडी, मग माणसं. कारखान्यानं घरी बसवलं, तेव्हापासून तो घरात अंडी उबवायला लागला.

पेटी त्यानंच केली होती. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, झाकणाला काचेचा तुकडा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. "कूस बदलली नाही तर पोर आतल्या आत चिकटतं," असं तो ओरडून सांगायचा. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे त्याचं साधं बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

"तुमच्या भावाला माझं बोलणं ऐकू येत नाही ना वन्सं, म्हणून तर आमचा संसार सुखाचा झाला," वहिनी मला म्हणायची.

दादा तिचे ओठ वाचून लगेच गरजायचा, "ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं!"

अंडी उबवायला कान कशाला लागतात, असं मला आधी वाटायचं. मग एकदा पाहिलं. निघायची वेळ झाली की पिल्लू आतून कवच टोचायला लागतं आणि वरून तडा दिसतो. पण एखादं अंडं गुळगुळीतच राहतं. ते टाकायचं की थांबायचं, हे ऐकूनच कळतं. वहिनी पदराला हात पुसायची, ते अंडं कानाला लावायची आणि डोळे मिटायची. दादा आपला तळहात तिच्यापुढे धरायचा. आत ऐकू येईल तसंच ती त्याच्या तळहातावर बोटानं टोचायची. दोनदा, मग बराच वेळ काही नाही. मग एकदा. पुन्हा काही नाही. दादा श्वास रोखून बघत राहायचा. आत काहीच नसलं की ती त्याची मूठ हलकेच मिटायची. मग तो निमूटपणे खुरपं घेऊन मागच्या झाडाखाली जायचा आणि ते अंडं पुरून यायचा.

वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा पेटीत अंडी होती. तिनंच ठेवलेली. जाताना दादाकडे तोंड करून म्हणाली, "वाटीतलं पाणी बघा. उगाच माझ्यामागे धावू नका."

तो धावलाच. सकाळी दवाखान्यात, दुपारी पेटीपाशी. मी वहिनीजवळ राहायचे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं होतं. दादाला ते न सांगताच कळलं असावं.

पिल्लं निघाली. एक अंडं तेवढं गुळगुळीत राहिलं.

"मी ऐकते की, दादा," मी म्हटलं.

"तुला नाही जमायचं. ते तिचं काम आहे."

तिच्या लोकरी स्कार्फात गुंडाळून ते अंडं त्यानं शर्टाच्या आत पोटाशी धरलं. बसमध्ये एक बाई मला म्हणाली, "पोट दुखतंय वाटतं बाबांचं." मी मान डोलावली. वॉर्डाच्या दारात नर्सनं अडवलं. "खायचं काही आत न्यायचं नाही हं." मी म्हटलं, "खायचं नाही हो सिस्टर, ऐकायचं आहे." ती गोंधळून बाजूला झाली.

वहिनीचा चेहरा एवढासा झाला होता. अंडं बघून ती हसली. "वेडे आहात झालं," असं नुसत्या ओठांनी म्हणाली. मी तिची उशी वर केली. अंडं धरायला बोटांत जोर नव्हता, म्हणून तिनं ते कान आणि उशी यांच्यामध्ये दाबून धरलं. डोळे मिटले. दादानं तळहात पुढे केला. मी देवाचं नाव घेत पायथ्याशी उभी होते.

खूप वेळानं तिचं बोट हललं. टक. टक. टक. हळू, पण सारखं.

"जिवंत आहे!" दादा ओरडला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. झोप लागेपर्यंत वहिनी त्याच्या हातावर टोचत होती.

त्याच आठवड्यात ती गेली.

समाचाराला माणसं येत होती आणि कोपऱ्यात त्या अंड्यासाठी पेटीतला बल्ब जळत होता. पुढे घरात वास यायला लागला. आमची आत्या म्हणाली, "अरे, तो खोका तरी बाहेर काढ." दादा तिचे ओठ वाचून म्हणाला, "तिनं थांबायला सांगितलंय."

एका सकाळी त्यानं मला मागच्या अंगणात बोलावलं. वर्तमानपत्रावर अंडं फोडून ठेवलं होतं.

"बघ. बलक अजून पोटात गेलेलाच नाही. मी हे दवाखान्यात नेलं त्याच्या आधीच गेलं होतं." त्याचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "ती माझ्याशी कधी खोटं बोलली नाही गं. मग त्या दिवशीच का?"

खुराड्यातलं एक ताजं अंडं उचलून मी वहिनीसारखं कानाशी घट्ट दाबलं आणि डोळे मिटले. आत काय असणार? पण ऐकू येत होतं. हळू, सारखं. मी दादाचा हात ओढला आणि ऐकू येत होतं तसं त्याच्या तळहातावर टोचलं.

"हे काय?"

"माझी नाडी. कानाशी काही दाबून धरलं की आपलीच नाडी वाजते. तिला ऐकू आलं तेच तिनं सांगितलं, दादा."

त्यानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यानं आपला तळहात उलगडून पाहिला.

"पिल्लू असं सारखं टोचत नाही," तो म्हणाला. "दमतं, थांबतं. हे थांबत नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मग त्यानं आपली मूठ आपणच हलकेच मिटली आणि दुसऱ्या हातानं खुरपं उचललं.