पाय धरायचा समेट

"शिकोलं न तुले मॅडमनं भांडण मिटवाले? मंग मिटव. धर पाय."

शाळा समितीचे अध्यक्ष खुर्चीत बसून बोलत होते. एक पाय पुढे काढलेला. चप्पल तशीच पायात. समोर शीतल. सातवीतली पोर, गावच्या बौद्धपुऱ्यातली. दाराशी तिची माय उभी, हात पदरात गुंडाळलेले. अध्यक्षांना टेकून त्यांची मुलगी श्वेता, शीतलच्याच वर्गातली. मुख्याध्यापक टेबलामागे. आणि मी. मॅडम म्हणजे मीच.

शीतलनं अध्यक्षांकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

घाटंजी तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही. मी मूळची नेरकडची. आमचंही घर बौद्धपुऱ्यातलंच. डी.एड. करून घरी बसले होते. कपाशीनं गावंच्या गावं झोपवली होती, ती वर्षं. कापूस पिकत नव्हता, संस्था मात्र भरघोस पिकल्या होत्या. त्यातल्या एकीनं मला कामावर घेतलं. गावात ताण आहे, तो शाळेत मारामारीतून बाहेर येतो, म्हणून मुलांना भांडण मिटवायला शिकवायचं, असं काम. यवतमाळला प्रशिक्षण झालं. आधी दम घ्यायचा. समोरच्याचं पूर्ण ऐकायचं. 'तू असा, तू तसा' म्हणायचं नाही, 'तू असं केलंस तेव्हा मला असं वाटलं' म्हणायचं. मग दोघांनी थोडं थोडं सोडायचं आणि हात मिळवायचे.

खोटं कशाला बोलू? मला हे सगळं फार आवडलं होतं. चालायचंही. बॅटवरून डोकी फोडणारी पोरं चटईवर समोरासमोर बसून बोलायची, मीच थक्क व्हायचे.

पण त्याच शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत मला चहा यायचा तो प्लास्टिकच्या कपात. बाकीच्यांना कपबशी. पहिल्या दिवशी मला पूर्ण नाव विचारलं होतं, आडनावासकट. त्यानंतरची ही सोय. मी निमूट प्यायचे. जाऊ दे, म्हणायचे. माझी माय जन्मभर तेच म्हणत आली. थोडं सोडून द्यायचं हे मला संस्थेनं शिकवायची गरजच नव्हती. मी ते शिकूनच आले होते.

मग वेचणीचे दिवस आले. आमच्याकडे पहिला कापूस वेचायच्या आधी सीतादही करतात. मालकीण शेतात पूजा मांडते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, आणि तोच प्रसाद वेचणाऱ्या बायांच्या हातावर येतो. आमच्या लोकांनी देव सोडले त्याला जमाना झाला. पण वेचणीला गेलेली बाई प्रसादाला नाही कशी म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिला कोणी बोलावणार नाही. शीतलची माय अध्यक्षांच्या शेतात वेचायला जायची. त्या रविवारी शीतलही गेली. प्रसाद वाटायला श्वेता होती. बाकीच्या बायांच्या हातावर तिनं दहीभात ठेवला. शीतलच्या आणि तिच्या मायच्या हातावर वरून सोडला, हात लागू नये म्हणून. शीतलचा घास मातीत पडला. श्वेता म्हणाली, "उचल नं. देवीचा हाय, खाऊन घे." शीतलनं उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत बोभाटा. शीतलनं प्रसाद फेकला म्हणे.

तो माझ्या तासाचा दिवस होता. मी नेहमीसारखी चटई अंथरली. दोघींना समोरासमोर बसवलं. शीतलनं दम घेतला. मी शिकवलं होतं अगदी तसंच ती बोलली, आवाज न चढवता. "तू वरून टाकलं तवा मले लय वाईट वाटलं. हात लागला असता तं काय झालं असतं?"

  श्वेता चटईवरून उठली आणि रडत घरी गेली.

सांगते, त्या क्षणी मला शीतलचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. एवढी वर्षं मला जे विचारता आलं नाही ते या पोरीनं चटईवर बसून विचारलं होतं.

संध्याकाळच्या आत निरोप फिरला. उद्यापासून बौद्धपुऱ्यातली एकही बाई वेचणीला नको. एकट्या अध्यक्षांच्या शेतात नाही, त्यांच्या भावकीच्या कुठल्याच शेतात नाही. ऐन हंगामात. आणि मिटवायचं असेल तर शाळेत या, पोरगी माफी मागेल.

म्हणून आम्ही त्या खोलीत होतो.

"मॅडम, तुमी सांगा तिले," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचं ऐकते ते. आन तुमच्याच लोकायची हाय."

दाराशी शीतलची माय कळवळली. "धर नं बाई. एक डाव धरून टाक. वेचणी जाते साऱ्यायची."

कुठूनच वाट नव्हती. नको म्हणावं तर साऱ्या पुऱ्याच्या चुली माझ्या एका शब्दावर विझणार. धर म्हणावं तर ही पोर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.  दम घे, मी मनात म्हणाले. दम येईना.

शीतल वाकायला लागली.

मी तिचा दंड धरला. "उभी राहा."

मग अध्यक्षांना म्हणाले, "तिची चूक काय झाली, ते सांगा."

"चूक? मालकाच्या पोरीले सवाल करते. तोंड वर करून बोलते."

"ते मी शिकवलं."

ते माझ्याकडे बघून हसले. आतापर्यंत मी 'तुमी' होते. "तू शिकोलं? मंग तू धर."

चप्पल माझ्याकडे वळली.  मुख्याध्यापक टेबलावरचा कागद वाचायला लागले. आणि मला एकदम स्वच्छ दिसलं. हे लोक भांडण मिटवायला बसलेच नव्हते. भांडण दोघांचं असतं. इथे एकाचा पाय होता आणि दुसऱ्यानं वाकायचं होतं. यालाच ते समेट म्हणत होते, आणि मी गावोगाव जाऊन पोरांना त्याचीच तयारी करून देत होते.

"नाही धरत," मी म्हणाले. "ती पण नाही."

शीतलचा हात धरून बाहेर आले.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. फाटकाशी तिच्या मायनं मला गाठलं. "तुमचं काय जाते मॅडम? तुमी यष्टीत बसून जासान. आमाले इथंच राहाचं हाय." तिचं खरं होतं. मी मान खाली घातली.

संस्थेचा फोन आला. तुम्ही तटस्थ राहायला हवं होतं, जाऊन माफी मागा, नाहीतर शाळा हातची जाते. मी नाही म्हणाले. काम गेलं. तो हंगाम पुऱ्यातल्या बायांनी दूरच्या गावांत जाऊन वेचला, मिळेल त्या भावानं. शीतल त्यांच्याबरोबर गेली. महिनाभर शाळा बुडाली.

मी त्यांच्या घरी जात राहिले. तिची माय सुरुवातीला बस म्हणायची नाही. मी उभीच राहायचे. एकदा शीतलनं विचारलं, "मॅडम, मी बोलली थे चुकलं काय?"

"नाही."

"मंग साऱ्यायचे कामं काहून गेले?"

"तू खरं बोललीस म्हणून."

तिनं दप्तर जवळ ओढलं. मग म्हणाली, "मंग अजून बोलाच लागन."

आता मी रविवारी पुऱ्यातल्या विहारात मुलांना बसवते. पगार नाही. ऐकणं शिकवते, बोलणं शिकवते, पोरांची आपसातली भांडणं चटईवर मिटवते. पण त्याआधी एक गोष्ट सांगते. समेटाला बोलावलं तर आधी बघा, दोघं एका जागी बसले आहेत का. एक खुर्चीत आणि एक उभा असेल, तर बसू नका, बोलू नका, वाकू नका. काम जाईल. तेही सांगते, लपवत नाही. उपाशी राहावं लागेल, मायबाप रागावतील, जवळची माणसं तुम्हालाच दोष देतील. तरीही पाय धरायचे नाहीत. कोणाचेच नाहीत. माझेसुद्धा नाहीत.