कौतिकाबाईच्या दारातला भिकाजी

भिकाजी रोज सकाळी विहिरीवरून भरलेली घागर आणून कौतिकाबाईच्या ओट्यावर ठेवायचा, आणि कौतिकाबाई ती त्याच्या डोळ्यांदेखत नालीत ओतून द्यायची. मी लग्न होऊन देऊळघाटला आले त्याच आठवड्यात हे पाहिलं. उन्हाळा होता, विहिरीचा तळ दिसत होता, बाया एकेका घागरीसाठी ताटकळत होत्या. सगळं पाणी वाहून गेलं की भिकाजी रिकामी घागर उचलायचा. ‘येतो माय,’ म्हणायचा. ती म्हणायची, ‘मर तिकडं.’ दोघांच्याही आवाजात राग नसे. दूधवाल्याशी बोलावं तसं ते बोलणं.

माझं माहेर लोणारचं. तिथे भांडणं पुष्कळ पाहिली होती, पण असं वैर पाहिलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘त्यानं तिच्या लेकाले बर्फात मारलं.’ मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आमच्या वऱ्हाडात माणसं उन्हानं मरतात, बर्फानं कोण मरणार?

पण ते खरं होतं. मी गावात आले तेव्हा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. भिकाजी त्याआधीच मलकापूरहून मुंबईची गाडी धरून गोदीत गेला आणि तिथून एका परदेशी जहाजावर लागला. गावात त्याला बर्फाचं जहाज म्हणत. दूर दक्षिणेकडच्या देशांतून गोठवलेलं मटण, लोणी, फळं भरून ते विलायतेला जायचं. जहाजाच्या पोटात मोठमोठ्या कोठ्या, त्यांना हातभर जाड दारं, आणि आत बारा महिने बर्फाची थंडी. माल रचणं, आतली थंडी तपासणं, दारं लावणं हे भिकाजीचं काम. एका सुट्टीत तो गावी आला तेव्हा कौतिकाबाईच त्याच्याकडे गेली. तिला नवरा नव्हता, शेत नव्हतं, एकुलता एक तुळशीराम होता. ‘माह्या पोराले घेऊन जाय,’ म्हणाली. भिकाजी घेऊन गेला.

दुसऱ्याच सफरीत तुळशीराम एका कोठीत राहिला. काम संपवून सगळे बाहेर आले होते. हा हातमोजे विसरला म्हणून परत आत गेला, आणि भिकाजीनं बाहेरून अडसर घातला. आतून वाजवायची घंटी कधीची बंद पडलेली. इंजिनाच्या आवाजात दारावरच्या थापा कोणाला ऐकू येणार? पाळी बदलली, दार उघडलं, तेव्हा सगळं संपलं होतं. भिकाजीनं वरच्या साहेबाचे पाय धरले, याला असाच थंडीत ठेवू, मी याला घरी नेतो, म्हणून. साहेबानं ऐकलं नाही. बंदरावर डॉक्टर माल तपासतात. मटणाच्या कोठीत मढं निघालं तर सगळा माल फेकावा लागेल. तुळशीरामला ताडपत्रीत शिवून, लोखंड बांधून समुद्रात सोडलं. शिवणारा भिकाजीच.

तो जहाज सोडून आला, तो सरळ कौतिकाबाईच्या दारात. सगळं सांगितलं. दार मीच लावलं, हेही सांगितलं. सांगितलं नसतं तर कोणाला कळणार नव्हतं.

भिकाजीचा एक नेम होता. तो म्हणायचा, ‘इचारलं तं खरं सांगीन. नाई इचारलं तं तोंड नाई उघडणार.’ गावात कोणाचं बियाणं किडकं, कोणाचा बैल लंगडा, हे त्याला विचारायची सोय नव्हती. माझ्या पहिल्या मुलाला त्यानं पाहिलं तेव्हा सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, ‘कसं हाय लेकरू?’ तो म्हणाला, ‘अशक्त हाय.’ सासूबाई महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. लेकरू अशक्तच होतं.

त्याच्या घराची आणि आमची भिंत एक. त्याची बायको गोदावरी, एक मुलगी शांता. शांता हुशार, कामाला चपळ, माझ्याकडून वेणी घालून घ्यायची. तिचा साखरपुडा ठरला तेव्हा त्या घरात मी पहिल्यांदा हसणं ऐकलं. मेहकरकडचे पाहुणे आले. अंगणात सतरंज्या टाकल्या, मी चहा गाळत होते. तेवढ्यात कौतिकाबाई आली. कोणी अडवलं नाही. ती पाहुण्यांत जाऊन बसली, चहा घेतला, बशी पुसून खाली ठेवली आणि मुलाच्या बापाला म्हणाली, ‘सोयरे, पोरीच्या बापानं तुमाले सांगितलं का? माह्या लेकाले यानं बर्फाच्या कोठीत कोंडून मारलं, अन् समुद्रात फेकून देलं.’

सोयऱ्यानं भिकाजीकडे पाहिलं. ‘खरं हाय का हे?’

चुकून झालं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आम्ही सगळे तेच ऐकायला थांबलो होतो.

‘हाव,’ भिकाजी म्हणाला. ‘दार मीच लावलं.’

पाहुणे उठले. नारळ तसाच घेऊन गेले. गोदावरी चुलीपाशी बसून राहिली. दूध उतू जात होतं तरी ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. भिकाजी घागर घेऊन निघाला. शांता दारात उभी होती.

‘आजबी जाता, बाबा?’

‘हाव.’

ती बाजूला झाली.

मला राहवलं नाही. तो विहिरीवरून परतताना मी त्याला गाठलं. ‘भिकाजीभाऊ, पहिल्याच दिवशी कौतिकाबाईला सांगायचं होतं, लेकाला अग्नी दिला म्हणून. तिचंही समाधान झालं असतं आणि तुमच्या घराचंही भलं.’

‘आग कुठून आणू, वहिनी? तिथं तं श्वासाचा बी बर्फ होते.’

‘अहो, सांगायला काय लागतं?’

‘मले नाई जमत,’ तो म्हणाला, आणि घागर सावरत पुढे गेला. त्या दिवशी मला त्याचा मोठेपणा वाटला नाही. संताप आला. स्वतःच्या पोरीचा जन्म या माणसानं एका शब्दासाठी घालवला होता.

पुढे कौतिकाबाईनं अंथरूण धरलं. नात्यातलं जवळ कोणी नव्हतं, म्हणून मी पेज घेऊन जायची. ओट्यावरची घागर ओतायलाही ती आता उठू शकत नव्हती. एके सकाळी तिनं हाताच्या खुणेनं भिकाजीला आत बोलावलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिचा उंबरा ओलांडत होता. भिंतीला टेकून बसला. मी तिच्या उशाशी होते.

‘भिका,’ ती म्हणाली. नावानं हाक मारलेलीही मी पहिल्यांदाच ऐकली. ‘थंडीत माणसाले झोप येते म्हणतात. तो झोपीतच गेला असन ना रे?’

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी भिकाजीकडे पाहिलं, मान हलवली, ओठांनी ‘हो म्हणा’ असं सांगितलं. त्यानं ते पाहिलं. नक्की पाहिलं.

‘नाई, माय,’ तो म्हणाला. ‘दारापाशी होता. हात सोलले होते त्याचे.’

कौतिकाबाईनं तोंड भिंतीकडे केलं. मी चमचा पुढे केला, तिनं ओठ उघडले नाहीत. त्यानंतर तिनं पेजही घेतली नाही आणि ती कोणाशी शब्दही बोलली नाही. तशीच गेली.

बाहेर ओट्यावर मी त्याला म्हटलं, ‘मरणाऱ्या बाईला तरी सोडायचं होतं.’

‘तिनं इचारलं वो, वहिनी,’ तो म्हणाला. ‘मी काय कराव?’

भडाग्नी बाहेरगावाहून आलेल्या तिच्या पुतण्यानं दिला. आमच्या यजमानांनी सांगितलं, सगळे परतले तरी भिकाजी हलला नाही. ‘चल,’ म्हटलं तर म्हणाला, ‘थांबा भाऊ, पुरं जळू द्या.’ दुपार कलल्यावर तो घरी आला. शांतानं अंगणात त्याच्यासाठी आंघोळीचं गरम पाणी काढून ठेवलं होतं. मी भिंतीच्या अलीकडे धुणं वाळत घालत होते.

‘झालं?’ शांतानं विचारलं.

‘झालं.’

‘आता तरी आमच्याकडं पाहान का, बाबा?’

हातातलं लुगडं तसंच धरून मी उभी राहिले.

‘नाई सांगता येत, पोरी,’ भिकाजी म्हणाला.