इथं कोणी पडत नाही

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी दवाखान्यातली नोकरी सोडली आणि गडमुडशिंगीच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात सिस्टर म्हणून लागले. दवाखान्यात वीस वर्षं पाळ्या करून माझेच गुडघे दुखायला लागले होते. म्हाताऱ्या माणसांमध्ये ते कोणाच्या लक्षात येणार नाही, असा माझा हिशेब होता.

पहिल्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः आश्रम दाखवला. ते शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, आवाजाने मोठे, मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला आधी न्हाणीघर दाखवलं. एका देणगीदाराने आईच्या स्मरणार्थ तिथं पांढरी संगमरवरी फरशी घालून दिली होती. भिंतीवर आईच्या नावाची पाटी होती. फरशी इतकी गुळगुळीत की तिच्यात पाटी उलटी वाचता येत होती.

मग ऑफिसात त्यांनी माझ्यापुढे अपघातांची वही ठेवली. वही कोरी होती.

"आमच्यात कोण पडत न्हाय, सिस्टर," ते म्हणाले. "चुकून पडलंच, तर म्हयनाभर विश्रांती कक्षात ठेवायचं. पुन्हा पडायचा सवालच न्हाय."

विश्रांती कक्ष म्हणजे मागची खोली. चार पलंग, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे. त्या खोलीत खरंच कोणी पडत नसे, कारण तिथं कोणी उभंच राहत नसे.

आश्रमात तीसेक माणसं होती. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की त्यांतल्या बऱ्याच जणांना कुठे ना कुठे काळंनिळं झालेलं आहे. कोणाचं कोपर, कोणाची हनुवटी. विचारलं की सगळे एकच सांगत, मांजर आडवं आलं. एका आजोबांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. तेही मांजरानेच केलं म्हणाले. आश्रमात मांजर नव्हतं. मी स्वयंपाकघरात विचारूनही आले.

पण मी आणखी चौकशी केली नाही. सांगायला नको वाटतं, पण वही कोरी राहिली की मलाही बरंच वाटत होतं.

त्या पावसाळ्यात मी एका माणसाला विश्रांती कक्षात पाठवलं. ते इचलकरंजीच्या मागावर उभं आयुष्य उभ्यानं काढलेले विणकर होते. ओसरीच्या पायरीवरून घसरून बसले, एवढंच. हाड शाबूत, खरचटलंही नव्हतं. पण मी पाहिलं होतं आणि नियम होता. ते आपल्या पायांनी चालत त्या खोलीत गेले आणि पलंगावर चढून बसले. मी कठडा वर ओढला.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर," मी म्हटलं.

महिन्यानंतर त्यांना उभं केलं तर त्यांचे पाय थरथरले आणि ते पुन्हा बसले. अजून विश्रांती हवी, असं आम्ही ठरवलं. दिवाळीआधी ते त्याच पलंगावर गेले. मी कागदावर वार्धक्य असं लिहिलं. दुसरा शब्द मला त्या वेळी सुचला नाही, आणि सुचला असता तर लिहिला असता का, तेही सांगता येत नाही.

मग अव्वाची गोष्ट घडली.

अव्वा सीमेकडच्या गावातली, लिंगायत घरातली. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायची. सगळे तिला अव्वाच म्हणत. रोज सकाळी आंघोळ करून ती खिडकीपाशी बसायची, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या हाताने पूजा करायची. मी गोळ्या घेऊन जायचे तेव्हा तिची पूजा संपेपर्यंत दारात थांबायचे. म्हणून तो हात मला पाठ होता.

दहा दिवसांच्या रजेवरून परत आले, त्या सकाळी लिंग उजव्या तळहातावर दिसलं. डावा हात पदराखाली होता.

"अव्वा, आज हात बदलला?"

"देवाला दोन्ही सारखंच की," ती म्हणाली.

"पदर बाजूला करा बघू."

"थंडी वाजतीया."

चैत्र महिना होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि पदर उचलला. मनगट सुजून वाकडं झालं होतं. तिच्या आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका पांघरुणांच्या घड्या घालायला लागल्या. तेवढ्यात दारात गुरुजी आले. हे एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. आश्रमात त्यांचा शब्द चालायचा.

"मांजर आडवं आलं तिला," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मांजर कुठं आहे ते दाखवा. मी त्याला दूध घालते."

तेवढ्यात अव्वाच बोलली.

"पडलो मी. न्हाणीत. नऊ दिस झालं." आमच्या भागातल्या बायका बोलतात तसंच ती 'पडलो' म्हणायची. "हितल्या बायांनी येणी घातली, भाकरी कुस्करून दिली. तुला का सांगू? मागल्या खोलीत घालायला? त्या मागवाल्यागत?"

मग गुरुजींनी हळू आवाजात सगळं सांगितलं. कोणी पडलं की बाकीच्यांनी लगेच उचलायचं, आवाज करायचा नाही, आणि सिस्टरला मांजर सांगायचं, हे सगळ्यांचं ठरलं होतं. माझ्या आधीच्या सिस्टरपासून चालत आलेलं होतं. मांजर गुरुजींनीच सुचवलं होतं. शाळेत पोरं तेच कारण द्यायची म्हणाले.

नऊ दिवस मोडक्या मनगटाने गप्प बसणं काय असतं, ते मी दवाखान्यात पाहिलेलं होतं. धडधाकट तरुण माणसांना पहिल्या तासाला आई आठवते. त्या दिवशी मी अव्वाला रिक्षात घालून शाहूपुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. हाड वाकडंच धरायला लागलं होतं, डॉक्टरांना पुन्हा बसवावं लागलं. त्या वेळी ती एकदाच, कानडीत आईला हाक मारतात तसं, 'यव्वा' म्हणाली.

परत आल्यावर मी तिला तिच्याच खाटेवर बसवलं, कक्षात नेलं नाही. वही काढली आणि पहिल्या पानावर पहिली नोंद केली. संध्याकाळी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"पडलात तर मला सांगा," मी म्हटलं. "मी कोणाला मागच्या खोलीत घालणार नाही. हाड मोडलं तर बसवू, नाही मोडलं तर दुसऱ्या दिवशी फिरायला नेऊ."

"आणि अध्यक्ष?" कोणीतरी विचारलं.

"ते माझ्याशी भांडतील."

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक आजी येऊन म्हणाली, मी मागच्या दिवाळीत पडले होते, ते चालेल का? चालेल म्हटलं. मग रांग लागली. एका आजोबांनी तर आश्रमात यायच्या आधी घरी पडलेलंही लिहून घ्यायला लावलं. आठवड्यात पाच पानं भरली. लिहिताना दिसलं की निम्म्याहून जास्त माणसं न्हाणीघरात, ओल्या संगमरवरावरच आपटली होती.

अध्यक्षांनी वही पाहिली आणि खुर्चीत मागे टेकले.

"सिस्टर, तुम्ही यायच्या आधी ही माणसं पडत नव्हती."

"पडत होती. सांगत नव्हती."

"आता देणगीदारांना काय दाखवू मी?"

मी फरशी बदलायला सांगितली. ती आईच्या स्मरणार्थ असल्यामुळे बदलता येणार नव्हती. रबरी चटया आणल्या, त्या कडेने वर आल्या आणि त्यांना अडकून एकजण पडला. तोही वहीत गेला.

उपाय अव्वानेच सांगितला, प्लास्टर मांडीवर ठेवून. "पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावत्यात न्हवं? लावा की फरशीला."

पाट्याला छिन्नीने बारीक टाके मारून खरबरीत करणाऱ्या बाया तेव्हाही रस्त्याने हाळी देत जायच्या, पण मिक्सर आल्यापासून त्यांना कोणी थांबवत नव्हतं. मी एकीला थांबवलं. ती न्हाणीघरात गेली, फरशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, एवढ्यावर कुणाची चटणी वाटायची?"

दोन दिवस ती उकिडवी बसून टाके मारत होती. सगळा आश्रम पाळीपाळीने दारात उभा राहून बघत होता. कोणाचीही परवानगी मी घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. न्हाणीघरात बराच वेळ उभे राहिले. संगमरवराला देवी आल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी चपला काढल्या, बादलीभर पाणी ओतलं आणि धोतर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत आले.

"टोचतंय," ते म्हणाले.

"टोचू द्या की," अव्वा बाहेरून म्हणाली.

त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. गुरुजींनी माझा मसुदा लाल पेनने तपासून दिला. आश्रमाच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत तो वाचला गेला, वाद झाला आणि शेवटी देणगीदाराला न कळवण्याचं ठरलं. कक्षातले कठडेही महिन्याभरात काढले. माझं काम गेलं नाही. माणसं त्यानंतरही पडत राहिली, पण न्हाणीघरात क्वचित.

अव्वाचं मनगट किंचित वाकडंच राहिलं. त्या हाताने ती पुढे सहा वर्षं सगळं करत होती.

दोन हजार सालानंतर एका दुपारी मी ऑफिसात होते. बागेतून गुरुजींचा आवाज आला. वर्ग शांत करायचा तोच आवाज. "सिस्टर! मी पडलो आहे! डावी मांडी! हलवू नका, आधी इकडे या!"

पोचले तेव्हा त्यांच्याभोवती सातआठ म्हातारी माणसं उभी होती आणि एकानेही त्यांना हात लावला नव्हता. एकीने डोक्यावर छत्री धरली होती. खुबा मोडला होता. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत ऑपरेशन झालं, आणि चौथ्या महिन्यात ते वॉकर घेऊन फाटकापर्यंत जायला लागले. वॉकरला ते ढकलगाडी म्हणत आणि कोणी मदतीला हात पुढे केला की रागवत.