रंगाचं सुतक

शुक्रवार पेठेतले चनबसप्पा पेंटर संध्याकाळी कामावरून आले की थेट घरात शिरत नाहीत. अंगणातल्या नळाखाली डोक्यावरून आंघोळ, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, मग उंबरा. हे सुरू झालं तेव्हा शेजारणीनं त्यांच्या बायकोला, अक्कम्माला, हळूच विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?"

अक्कम्मा वैतागली. "आमच्या लिंगायतांत माणूस गेलं तरी सुतक न्हाय. आमचे हे रंगाचं पाळत्यात!"

झालं होतं असं, की एका तपासणी शिबिरात चनबसप्पांच्या रक्तात शिसं निघालं. पस्तीस वर्षं त्यांनी जुन्या दारांचा ऑइलपेंट कोरडा घासला, धूळ गिळली आणि पोटात कळ आली की ओवा चावला. ओव्यानं बिचाऱ्यानं जमेल तेवढं केलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या रंगातलं शिसं मोठ्यांना त्रास देतंच, पण लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. त्या दिवशी घासायचं मशीन माळ्यावर गेलं. आता चनबसप्पा तोंडाला मास्क लावून, खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारत हातानं खरवडतात. गिऱ्हाइकं घटली, भांडणं वाढली, आणि चनबसप्पांची तब्येत दोन्हींमुळे सुधारली.

यंदा त्यांची गाठ पडली यज्ञेश्वर सरांशी. सर निवृत्त शिक्षक. त्यांच्या जुन्या घरात खाली बालवाडी भरते. दारंखिडक्या पन्नास वर्षांच्या, हिरव्या, पोपडे धरलेल्या. सरांनी भाड्यानं मशीन आणून ठेवलं होतं.

"मुलं त्या कोपऱ्यात बसतील, तुम्ही ह्या कोपऱ्यात घासा."

"धुळीला कोपरा कळतोय व्हय, सर?"

"अहो, शिसं शिसं काय लावलंय! आम्ही शिसपेन्सिली चावून बीए झालो."

"पेन्सिलीत नाव हाय, शिसं न्हाय. तुमच्या दारात शिसं हाय, नाव न्हाय."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे कसं झेपावं? "मी दुसरा पेंटर आणतो!"

"आणा की." चनबसप्पांनी मशीनची वायर गुंडाळली, बुडाखाली घेतली आणि उंबऱ्यावर बसले. "मी उठल्यावर आणा."

अर्धा तास गेला. आत मुलं गाणी म्हणत होती, बाहेर सर येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात सरांची नात उर्वी खिडकीपाशी दिसली. तोंडात काहीतरी चघळत होती.

"आजोबा, हे हिरवं गोड लागतं."

चनबसप्पा उठले ते तीरासारखे. पोरीच्या तोंडातून पोपडा काढला, चूळ भरायला लावली, हात धुतले. आणि परत येऊन वायरीवर बसले.

सरांचा आवाज खाली आला. "किती दिवस?"

"चार. पोरं एक बी आत नको. झाडू मारायचा न्हाय, ओलं फडकं. पोपडे पोत्यात बांधणार, बंबात घालायचे न्हाईत. आन् आजच उर्वीचं रक्त तपासून आणा."

"आणतो. पण पालकांना काय सांगू? शिसं म्हटलं की पेन्सिलच आठवते लोकांना."

"सुतक सांगा. आत यायचं न्हाय, शिवायचं न्हाय, आंघोळ केल्याबिगर घरात न्हाय. तुमच्यात तर ह्ये सगळं पाठ असतंय!"

सर पहिल्यांदा हसले. तपासणीहून परतल्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात फळा लिहून दाराला टेकवला: 'सुतकामुळे बालवाडी चार दिवस बंद.'

दुपारपर्यंत अर्धी पेठ तोंड पाडून दाराशी जमली. एकानं सरांचा हात हातात घेतला. "सर, कोण गेलं हो?"

सर शब्द शोधत होते. आतून पाण्याचा फवारा थांबला आणि मास्कमधून आवाज आला,

"अजून गेलं न्हाय! चार दिवस लागत्यात. लांब उभं ऱ्हावा!"