चक्रवाक उतरले ती सकाळ

दसऱ्याच्या सुमारास ओल्या गाळाचा वास आला की मला अक्काबरोबर पाहिलेला तलाव आठवतो. आमचं गाव वडवणीकडचं, तलावाच्या काठावरचं; पण हिवाळी पाखरं उतरायची तेव्हा माझी थोरली बहीण ऊसतोडीला गेलेली असायची, आणि ती परतेपर्यंत पाखरं उडून गेलेली. तिच्या मजुरीवर मी शिकलो, मास्तर झालो, पाखरं बघायचा शौक केला. त्या वर्षी टोळीचा ट्रक निघायच्या आदल्या सकाळी मी तिला बळंच काठावर नेलं. पाणी रिकामं होतं. "कावून आणलंस रं? बोचकी बांधायचीत माझी," ती करवादली आणि उठलीच. तेवढ्यात डोंगरावरून नारंगी चक्रवाकांचा थवा ओरडत आला आणि अलगद पाण्यावर टेकला. मी घाईनं दुर्बीण तिच्या हातात दिली. "हिमालय ओलांडून आलेत, अक्का!" मी जवळजवळ ओरडलोच. डोळ्यांवरची दुर्बीण न काढता तिनं माझं मनगट दाबलं. "हळू बोल, बापू. लई दमले असतील." इतकी वर्षं मी पाखरं बघत आलो होतो; ती दमत असतील, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.